मर्केलना संत करणारा तो फॉरवर्ड मेसेज

जर्मनीच्या माजी चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, अँगेला मर्केल यांचं कौतुक करणारा तो मेसेज परत फिरायला लागलाय. 18 वर्षं राज्य केलं, निरोपाला अख्खा देश बाल्कनीत उभा राहून सहा मिनिटं टाळ्या वाजवत होता, एकही गैरप्रकार नाही, नातेवाइकांना पदं नाहीत, कायम एकच ड्रेस आणि राहायला साधा फ्लॅट. बाईंबद्दल मला खरंच आदर आहे आणि म्हणूनच हे वाचून राग येतो.

आधी ते 18 वर्षांचं बघू. चॅन्सेलर त्या 22 नोव्हेंबर 2005 ते 8 डिसेंबर 2021, म्हणजे 16 वर्षं. 18 वर्षं त्या सीडीयू या स्वतःच्या पक्षाच्या अध्यक्ष होत्या, 2000 ते 2018, आणि ते पद सोडताना हॅम्बुर्गच्या अधिवेशनात पक्षाच्याच प्रतिनिधींनी उभं राहून बराच वेळ टाळ्या वाजवल्या. बाल्कन्या वगैरे काही नाही, आणि त्यानंतर तीन वर्षं त्या चॅन्सेलर होत्याच की!

ड्रेसचं तर सरळ खोटं, रंगीबेरंगी जॅकेट हीच त्यांची ओळख होती, एखादा ड्रेस परत घातला असेल तर तो कोण घालत नाही. ड्रेसबद्दल विचारल्यावर त्या म्हणे म्हणाल्या, "मी मॉडेल नाही, सरकारी नोकर आहे", पण हे उत्तर कधी, कुठे, कोणाला दिलं ते मेसेजमध्ये कुठेच नाही.

फ्लॅटचं खरं आहे, चॅन्सेलरच्या सरकारी घरात त्या राहायला गेल्या नाहीत. पण तो फ्लॅट बर्लिनच्या मध्यात, पेर्गामोन म्युझियमसमोर, दारात पोलीस, शिवाय गावाकडे वीकेंडचं घर. नातेवाइकांचंही ठीक, नवरा योआखिम साउअर स्वतःच्या बळावर केमिस्ट्रीचा प्रोफेसर.

आता ते "एकही गैरप्रकार नाही". संरक्षणमंत्री गुटेनबेर्ग 2011 मध्ये गेले आणि शिक्षणमंत्री शावान 2013 मध्ये, दोघंही पीएचडीतल्या कॉपीवरून. मार्च 2021 मध्ये ईस्टरच्या लॉकडाऊनचा निर्णय मागे घेताना मर्केलनीच लोकांची माफी मागितली, चूक फक्त माझी म्हणाल्या. अणुभट्ट्यांची मुदत 2010 मध्ये वाढवली आणि जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर काही महिन्यांत निर्णय पूर्ण फिरवला. 2015 मध्ये लाखो निर्वासितांना देशात घेतलं, ते मला आजही मोठं काम वाटतं, पण त्यावरून देश दुभंगला आणि 2017 मध्ये निर्वासितांना विरोध करणारा कट्टर उजवा पक्ष एएफडी 12.6 टक्के मतं घेऊन संसदेत आला.

आणि साधीभोळी बाई? 1999 च्या डिसेंबरमध्ये पक्षाच्या देणग्यांचं प्रकरण पेटलेलं असताना, ज्या माजी चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी मर्केलना 1991 मध्ये मंत्री केलं त्यांच्याविरुद्ध मोठ्या पेपरात उघड लेख लिहिला, पक्षाने आता त्यांच्याशिवाय चालायला शिकावं म्हणून. चार महिन्यांत स्वतः अध्यक्ष. 2002 मध्ये पक्षातलेच फ्रीडरिश मेर्त्स यांच्याकडून संसदेतलं गटनेतेपद काढून घेतलं, तेच मेर्त्स 2025 मध्ये चॅन्सेलर झाले. पूर्व जर्मनीत वाढलेली पाद्र्याची मुलगी, क्वांटम केमिस्ट्रीत डॉक्टरेट, पुरुषांनी भरलेल्या त्या पक्षात इतकं टिकते ती हिशेब पक्का असतो म्हणून, ड्रेस रिपीट केला म्हणून नाही.

रशियाच्या गॅसचं तर मेसेजमध्ये नावच नाही. 2014 मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्यावरही रशियातून जर्मनीत गॅस आणायची नॉर्ड स्ट्रीम 2 ही पाइपलाइन मर्केलनी पुढे रेटली. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्यानंतर जूनमध्ये बर्लिनमधल्या जाहीर मुलाखतीत मर्केल म्हणाल्या की माफी मागण्यासारखं काही केलेलं नाही. मला ते पटलं नाही, जर्मनीतही बऱ्याच जणांना पटलं नाही.