‘मोली हुआ’ची चाल पुच्चिनींची नव्हे

चीनचे लोकगीत म्हणून जगभर ओळखले जाणारे ‘मोली हुआ’ (म्हणजे मोगऱ्याचे फूल) मुळात चिनी नाहीच. इटालियन संगीतकार पुच्चिनी यांनी ‘तुरांदोत’ या ऑपेरासाठी बांधलेली चाल चीनने आपली म्हणून उचलली आणि सरकारी सोहळ्यांच्या जोरावर लोकप्रिय केली, असे समाजमाध्यमांवर वारंवार सांगितले जाते.

आधी चालीचे पाहू. ‘तुरांदोत’चा पहिला प्रयोग १९२६ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात झाला. मात्र ब्रिटिश राजदूत मॅकार्टनी यांच्या शिष्टमंडळाबरोबर चीनला गेलेल्या जॉन बॅरो यांच्या १८०४ सालच्या प्रवासवर्णनात हीच चाल, किरकोळ फरकांनी, स्वरलेखनासह छापलेली आहे आणि पुच्चिनींचा जन्म तर १८५८ सालचा. चीनमध्ये राहून आलेल्या एका इटालियन सरदाराच्या संगीतपेटीतून ती पुच्चिनींच्या कानी पडली. ऑपेरातला वाद्यमेळ आणि स्वरसंवाद निर्विवादपणे त्यांचे आहेत, पण ‘ग ग प ध सां सां ध प’ अशी सुरू होणारी आणि भूप रागाच्याच पाच स्वरांत फिरणारी मूळ सुरावट त्यांची नाही.

‘मग हे गाणे हे फांग नावाच्या संगीतकाराने १९५७ साली रचलेले आहे,’ असाही एक युक्तिवाद याला जोडला जातो. हा मुद्दा अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण त्यात अर्धसत्य दडले आहे. हे फांग यांनी १९४२ साली च्यांगसू प्रांतातील लिउहे भागात हे गाणे ऐकून टिपून घेतले. त्या पाठात मोगरा, हनीसकल नावाच्या वेलीचे फूल आणि गुलाब अशी तीन फुले होती; त्यांनी तिन्ही कडव्यांत मोगराच ठेवला आणि स्वतःला ‘दासी’ म्हणवणाऱ्या नायिकेच्या तोंडी साधे ‘मी’ घातले. फूल खुडावेसे वाटते, पण राखणदार रागावेल अशी तिला भीती आहे, हा गाण्याचा गाभा मात्र त्यांनी तसाच राहू दिला. १९५७ साली पुढे आला तो हा संस्कारित पाठ, आणि माझ्या मते ते काम उत्तम संपादकाचे आहे. हपै प्रांतात आणि ईशान्य चीनमध्ये याच गाण्याची वेगळ्या वळणाची रूपे गायली जातात. कोणा एकाने विसाव्या शतकात रचलेल्या गाण्याच्या बाबतीत ते घडणे फार अवघड आहे.

राहता राहिला सरकारी प्रसाराचा मुद्दा. हाँगकाँगचे १९९७ मधील हस्तांतर, अथेन्स ऑलिंपिकचा २००४ मधील समारोप आणि बीजिंग ऑलिंपिकमधील पदकवितरण या प्रसंगी ही चाल वाजली, हे खरेच आहे. पण ती निवडली गेली ती आधीच सर्वांच्या ओळखीची होती म्हणून. शिवाय २०११ साली ट्युनिशियातील ‘जास्मिन (मोगरा) क्रांती’ म्हणून ओळखल्या गेलेल्या उठावाच्या धर्तीवर चीनमध्ये निदर्शनांचे आवाहन झाले, तेव्हा याच सरकारने इंटरनेटवर या फुलाच्या नावाचा शोध घेण्यावरच निर्बंध घातले होते.