पदवीवर नोटरी होता येत नाही

‘कोणत्याही पदवीधराला महिनाभराचा कोर्स करून नोटरी होता येते, फी भरली की शिक्का घरपोच’ असा मेसेज पुण्यातल्या अनेक ग्रुपवर फिरतोय. तो साफ खोटा आहे. कृपया पैसे भरू नका.

नोटरी अधिनियम १९५२ आणि नोटरी नियम १९५६ यांप्रमाणे नेमणूक केंद्र किंवा राज्य सरकारच करते. असा कुठलाही कोर्स नियमांत नाही. अर्जाच्या तारखेला वकिलीची किमान १० वर्षे पूर्ण हवीत; महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना ७. न्यायिक सेवेतल्यांसाठी वेगळी तरतूद आहे.

घोळ होतो तो वर्षे मोजताना. शिवाजीनगर कोर्टात वकिली करणारेही कधी एलएलबीच्या निकालापासून मोजतात. मोजायचे बार कौन्सिलच्या सनदेपासून (म्हणजे वकिली करण्याच्या परवान्यापासून), आणि नोकरीसाठी सनद स्थगित ठेवली असेल तर तो काळ वगळून.

वर्षे भरली म्हणून नेमणूक हक्काने मिळत नाही, कारण नोटरींच्या संख्येला मर्यादा आहे. नेमणूक झाल्यावर मिळणारे नोटरीचे प्रमाणपत्र ५ वर्षांचे असते, आणि त्यात नेमून दिलेल्या क्षेत्राबाहेर काम करता येत नाही. शिक्का त्यानंतरचा; आधी बनवून घेतलेल्या शिक्क्याला काहीही अर्थ नाही.