जमीन बघायला मे महिन्यात जा

शहरातली नोकरी सोडून मुलांसह कोकणात शेतावर राहायला गेलेल्या कुटुंबावरचा एक लेख वाचला, मनापासून आवडला. असं काही मनात असलेल्यांसाठी थोडं लिहिते.

महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं (१९४८ चा कूळकायदा, कलम ६३), नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. तेव्हा आजोबांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून आपलं नाव लागलंय का, ते आधी बघा.

पण खरा कस लागतो तो पाण्यापाशी. इथे कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात, कारण जांभा या इथल्या सच्छिद्र दगडातून पाणी झिरपून निघून जातं. आम्ही दरवर्षी दिवाळीनंतर वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून बांध घालतो. पोरं गोण्यांची तोंडं दाभणाने शिवतात, मोठी माणसं थर रचतात. त्या अडवलेल्या पाण्यावर मिरची, लाल माठ, चवळी होते. म्हणून जमीन मे महिन्यात बघा आणि विहिरीत स्वतः डोकावून बघा. पावसाळ्यात सगळंच हिरवंगार दिसतं!

लेखात एक गोष्ट राहून गेली. गोठा, चूल, वाळवणं, पाहुणे हे सगळं शेवटी घरातल्या बाईच्या अंगावर पडतं. निर्णय कुटुंबाचा म्हणता ना? मग पहाटे धार कोण काढणार आणि शेण कोण भरणार, हे सामान बांधायच्या आधीच ठरवून घ्या.