लाखभर फ्लेमिंगो म्हणजे उत्तम व्यवस्थापन नव्हे

गेल्या आठवड्यात भाचीने शाळेच्या प्रकल्पासाठी केलेला चार्ट मला दाखवला. मध्यभागी गुलाबी फ्लेमिंगो, त्याच्या पायाशी ठळक अक्षरांत 'देशातील सर्वोत्तम व्यवस्थापन असलेले अभयारण्य' आणि बाजूला सहा मुद्दे. ते मुद्दे तिने शोधलेले नव्हते; तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मेहुण्यांनी, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेल्या मजकुरातून ते जसेच्या तसे उतरवलेले होते. हाच मजकूर त्याआधी सोसायटीच्या गटावर मला दोनदा आला होता आणि मी तो वाचून सोडून दिला होता. पण तो आता शाळेच्या भिंतीवर लागणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

मजकूर थोडक्यात असा: ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात लाखाहून अधिक फ्लेमिंगो येतात, हाच उत्तम व्यवस्थापनाचा पुरावा, फ्लेमिंगो फक्त स्वच्छ पाण्यात उतरतात, म्हणजे खाडी स्वच्छ झाली, कांदळवन वाढले, २०२२ साली रामसर (पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) दर्जा मिळाला, म्हणजे जगाने प्रमाणपत्र दिले, पक्षी अभयारण्याच्या कुशीत पूर्ण सुरक्षित आहेत, आणि आता उरलेला एकमेव अडथळा म्हणजे खाडीत जाळी टाकणारे कोळी, त्यांना हटवले की काम फत्ते.

स्वच्छ पाण्याचे वाक्य ज्याने लिहिले, त्याने ओहोटीच्या वेळी भांडुपच्या उदंचन केंद्रामागे नाक उघडे ठेवून एकदाही उभे राहून पाहिलेले नाही. मुंबईत ज्याची संख्या मोठी असते तो छोटा रोहित (फ्लेमिंगोची लहान जात) आपल्या चोचीतील गाळणीतून प्रामुख्याने नीलहरित शैवाल गाळून खातो. हे शैवाल नत्र आणि स्फुरद यांवर पोसते, आणि खाडीत या दोन्हींचा मोठा पुरवठा होतो तो दोन्ही काठांवरच्या शहरांच्या सांडपाण्यातून. थवा उतरला याचा अर्थ ताटात जेवण भरपूर आहे एवढाच होतो, आणि ते जेवण बऱ्याच अंशी आपल्याच शौचालयांनी वाढलेले आहे. भाचीने विचारले, "मामा, मग फ्लेमिंगो घाण पाण्यात येतात का?" त्यांना आपल्या अर्थाने घाण-स्वच्छ कळत नाही, हे तिला सांगावे लागले. टांझानियातील नेट्रॉन सरोवराचे पाणी इतके क्षारयुक्त आहे की त्याचा सामू (पीएच) १० च्या वर जातो आणि बहुतेक प्राण्यांना ते सोसत नाही. पण पूर्व आफ्रिकेतील छोट्या रोहितांची मुख्य वीण नेमकी तिथेच होते. ज्या पाण्यात मासा जगणे कठीण, तिथे हा पक्षी सुखाने पिले वाढवतो, आणि आपण त्याला पाण्याच्या शुद्धतेचा पंच नेमतो.

पाणी स्वच्छ आहे की नाही हे ठरवायचे असेल, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आंघोळ आणि व्यापारी मासेमारी यांसाठीच्या किनारी पाण्याचा निकष उघडून पाहावा. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) ३ मिलिग्रॅमच्या आत आणि १०० मिलिलिटर पाण्यात मलजन्य कोलिफॉर्म जिवाणू १०० च्या आत असावेत, असे तो सांगतो. यांपैकी एकही गोष्ट पिसांच्या रंगावरून कळत नाही. तो गुलाबी रंगसुद्धा शैवालातील कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येतो, पाण्याच्या नितळपणामुळे नव्हे.

आता आकड्याकडे येऊ. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या २०१९ च्या गणनेत एक लाख वीस हजारांच्या आसपास फ्लेमिंगो नोंदले गेले होते, तेव्हा लाखाचा आकडा खोटा नाही. खोटा आहे तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. मुंबईच्या खाडीत फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दिसू लागले १९९० च्या दशकात आणि अभयारण्य जाहीर झाले २०१५ साली. पक्षी आले म्हणून अभयारण्य झाले. अभयारण्य झाले म्हणून पक्षी आले, असे सांगणे म्हणजे वरात आल्यावर मांडव घालायचा आणि मांडवामुळे वरात आली म्हणायचे. शिवाय हे पक्षी इथे वीण करत नाहीत. त्यांची वीण कच्छच्या रणात होते, आणि तिथे पाऊस कसा झाला, पाणी किती टिकले, यावर ते इकडे कधी आणि किती येतात हे बरेचसे ठरते. कच्छच्या पावसाचे श्रेय मुंबईतल्या कार्यालयाला देता येणार नाही, आणि एखाद्या वर्षी पक्षी घटले तर त्याचा दोषही देता येणार नाही.

मग व्यवस्थापन मोजायचे कसे? यासाठी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००४ साली खास सागरी संरक्षित क्षेत्रांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात एकूण ४२ निर्देशक आहेत: १० निसर्गाच्या स्थितीचे, १६ लोकांच्या जगण्याचे आणि १६ कारभाराचे. म्हणजे पक्षी, मासे, पाणी, गाळ, अधिवास हे सगळे मिळून दहांत बसते आणि उरलेले बत्तीस निर्देशक माणसांविषयी आहेत: काठावरच्या लोकांची मिळकत, स्थानिक ज्ञान, नियमांची समज, गस्त, निर्णयांत सहभाग, आराखड्याची अंमलबजावणी. आपल्याकडेही भारतीय वन्यजीव संस्थेमार्फत २००६ पासून राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांचे असे मूल्यमापन होते आणि सागरी क्षेत्रांसाठीचा वेगळा आराखडा २०२१ साली जाहीर झाला. त्यात परिस्थिती, नियोजन, साधने, प्रक्रिया, फलित आणि परिणाम अशा सहा अंगांनी प्रश्न विचारले जातात. मजकूर लिहिणाऱ्याने सहाव्या अंगातला एक आकडा उचलला आणि बाकीची पाच अंगे वाऱ्यावर सोडली.

कांदळवनाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, हे मान्य करावे लागते. २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आणि २०१२ साली राज्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाल्यानंतर दिवसाढवळ्या होणारी तोड आणि भराव यांना आळा बसला, हे आमच्यासारख्या काठावर राहणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. पण अभयारण्याच्या सुमारे १,६९० हेक्टरांपैकी ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर जलक्षेत्र आहे. फ्लेमिंगो चरतात ते उघड्या चिखलावर. खाडीत गाळ साचत जातो, गाळावर तिवर (कांदळवनातले झाड) पुढे सरकते आणि चिखलाचा पट्टा तेवढा आखडतो. तेव्हा हिरवे वाढले म्हणून टाळी वाजवण्याआधी ते कशाच्या जागी वाढले, हे पाहावे लागते.

रामसरविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तो दर्जा पाणथळ जागा किती महत्त्वाची आहे हे सांगतो, ती किती चांगली सांभाळली हे सांगत नाही. भरतपूरचे केवलादेव आणि मणिपूरचे लोकटाक ही दोन्ही रामसर स्थळे असूनही, परिसंस्थेत बिघाड झालेल्या स्थळांच्या माँत्रो नोंदवहीत अनेक वर्षे आहेत.

कुशीतली सुरक्षितता हा मुद्दा वाचून तर मला घाटकोपर आठवले. अभयारण्य अवघे सतरा चौरस किलोमीटरचे, ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधले. भरती आली की चरण्याचा चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी हद्द ओलांडून नवी मुंबईच्या पाणथळींवर विसाव्याला जातात. ओहोटी लागली की परततात. या पाणथळी अभयारण्यात नाहीत. शिवडीचा चिखलही नाही. मे २०२४ मध्ये उतरणाऱ्या विमानाची धडक बसून घाटकोपरच्या वस्तीत तीन डझनांहून अधिक फ्लेमिंगो मरून पडले, ते रात्री असेच उडत असताना. क्षेत्र लहान असले की त्याचे व्यवस्थापन हद्दीबाहेर काय घडते यावर अवलंबून राहते, आणि नकाशावरची रेघ पक्ष्यांना दिसत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, जो मला सर्वांत घातक वाटतो. भाचीला घेऊन मी रविवारी सुकतीच्या वेळी खाडीकाठी गेलो. आमच्या लहानपणापासून ओळखीचे असलेले एक कोळी काका पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकत होते. पाग ओढून त्यांनी आमच्यासमोर चिखलावर मोकळी केली: तीन बोईट मासे, एक लहान चिंबोरी, दुधाच्या चार पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, एका पायातली रबरी चप्पल आणि काळ्या तेलकट गाळाचा गोळा. पूर्वी इथे निवट्या (चिखलातले छोटे मासे) पायाखाली उड्या मारायच्या, आता शोधाव्या लागतात, असे ते म्हणाले. मी मजकुरातला मुद्दा वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी चप्पल उचलून विचारले, "ही कोणत्या कोळ्याची?"

ज्या माणसाला कोणत्या उधाणाला कुठे पाणी चढते, कोणता मासा कोणत्या वर्षी दिसेनासा झाला, हे कुठल्याही उपकरणाशिवाय ठाऊक आहे, त्याला काठावरून उठवणे म्हणजे मूल्यमापनाची फुकट मिळणारी नोंदवहीच फाडून टाकणे. सांडपाणी कोळीवाड्यांनी आणले नाही, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने त्यांनी उभारले नाहीत, खाडीवर पूलही त्यांनी बांधले नाहीत. जाळ्यांवर नियम हवेत, बारीक आसाच्या जाळ्यांवर तर नक्कीच हवेत. पण ते त्यांना बाजूला बसवून ठरवावेत. त्या ४२ निर्देशकांत लोकांच्या सहभागाला जागा आहे ती याचसाठी.

भाचीने चार्टवरचा मथळा खोडला आहे. सहाव्या मुद्द्यावर पांढरा कागद चिकटवून तिथे काकांच्या पागेत काय काय आले त्याची यादी लिहिली आहे. तीन बोईट सर्वांत वर आहेत.