झाकली विकी सव्वा लाखाची

ऑफिसात विकी, म्हणजे ज्याला जे ठाऊक ते त्याने लिहायचं आणि कुणीही सुधारायचं अशी सगळ्यांची वेब-पानं, येणार अशी मेल आली तर घाबरून जाऊ नका. पंधरा वर्षं नोकरी करून तुम्ही जे कमावलंय, ते पगाराच्या स्लिपवर दिसत नाही. महिनाअखेरीचं बिलिंग अडकलं की आधी कोणती सर्व्हिस बंद करायची, मग कोणतं फोल्डर रिकामं करायचं आणि त्यानंतर सातच मिनिटं का थांबायचं, हे अख्ख्या मजल्यावर फक्त तुम्हाला ठाऊक आहे. ही सात मिनिटं म्हणजे तुमची इस्टेट. आपला सातबारा दुसऱ्याच्या नावावर कुणी हौसेने करून देतं का?

मुळात ही भानगड सुरू केली वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने. 25 मार्च 1995 ला त्याने पहिली विकी इंटरनेटवर टाकली. नाव उचललं होनोलुलूच्या विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून. हवाईयन भाषेत विकी म्हणजे झटपट. वाचणाऱ्याला चूक दिसली तर त्याने ती तिथल्या तिथे सुधारावी, एवढीच कल्पना. साहेबाची सही नाही, आवक-जावक क्रमांक नाही. असल्या माणसाला आपल्याकडे प्रोबेशनमध्येच नारळ दिला असता.

आपण आदर्श ठेवायचा तो न्यूपीडियाचा. विकिपीडियावाल्यांनीच आधी, 2000 साली, काढलेला हा ज्ञानकोश. तज्ज्ञांनी लिहायचं आणि लेखाने तपासणीच्या सात पायऱ्या चढायच्या. 2003 मध्ये दुकान बंद होईपर्यंत जेमतेम दोन डझन लेख वर पोहोचले. शेजारी 15 जानेवारी 2001 ला उघडलेल्या विकिपीडियात मात्र वर्षभरात हजारोंनी लेख जमले, कारण तिथे दाराला कडीच नव्हती. तेव्हा विकी समितीच्या पहिल्याच मीटिंगमध्ये हात वर करा आणि 'क्वालिटी'चा मुद्दा काढा. या शब्दाला आजवर कुणी विरोध केलेला नाही. पान आधी टीम लीड बघेल, मग मॅनेजर, मग सिक्युरिटी, मग ऑनसाइटचं कुणीतरी, हे मिनिट्समध्ये लिहून घ्या. त्यातला एक जण कायम रजेवर असतो. निम्मं काम तिथेच झालं.

तरीही वरून टार्गेट येईल: प्रत्येकी तिमाहीला चार पानं. लिहा की! 'आमची टीम' असं एक पान करा, त्यावर राजमाचीच्या ट्रेकचा फोटो लावा. सुट्ट्यांची यादी हे दुसरं पान. उरलेल्या दोन पानांवर कामाचं लिहावंच लागलं, तर कमांड टाइप करू नका, तिचा स्क्रीनशॉट चिकटवा. तो शोधात सापडत नाही, कॉपी होत नाही, आणि उजवी कड जरा कापली गेली तर दोष माऊसचा. पानाला नाव द्या 'नोंदी नवीन 2'. मोक्याच्या जागी लिहा, 'नंतर नेहमीप्रमाणे रीस्टार्ट करावे.' पाककृतीत 'चवीपुरतं मीठ' जे काम करतं, तेच इथे 'नेहमीप्रमाणे' करतं. ज्याला येतं त्याला कळतं, आणि ज्याला येत नाही तो तुमच्या डेस्कपाशी येऊन उभा राहतो.

जुनं पान मात्र कधी काढू नका. हा सगळ्यात बारीक आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. एकच पान असेल तर नवी पोरं ते वाचून कामाला लागतात. एकाच कामाची दोन पानं असली, एक नोकरी सोडून गेलेल्याचं 2017 चं, दुसरं तुमचं, आणि दोन्हींत सर्व्हरची नावं वेगळी, की विश्वास पानांवरचा उडतो आणि तुमच्यावर बसतो.

दुसऱ्याच्या पानाला हात लावणं तर विसराच. विकीत 'इतिहास' नावाची सोय असते: कुणी, कधी, कोणता शब्द बदलला, सगळं दिसतं. कनिंगहॅमच्या देशात याला पारदर्शकता म्हणत असतील, आपल्याकडे याला पुरावा म्हणतात. माझ्या माहितीतला एक जण रात्री जागून मराठी विकिपीडियावर (1 मे 2003 पासून आहे, महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त) आपल्या गावचा तालुका दुरुस्त करतो. तोच गृहस्थ ऑफिसच्या विकीवर व्हेंडरचा चुकीचा फोन नंबर दोन वर्षं रोज बघतोय. ते पान मॅनेजरचं आहे, आणि अप्रेझल कायम पुढच्याच महिन्यात असतं.

ग्रुपवर कुणी प्रश्न विचारला तर उत्तर ग्रुपवर देऊ नका. 'कॉल करतो' एवढंच लिहा. कॉलवर बोललेलं कुठे उरत नाही, त्यामुळे तोच प्रश्न पुढच्या महिन्यात ताजा होऊन येतो. नोटीस पीरियडच्या शेवटच्या आठवड्यात कुणी केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे जाण्याआधी आपलं काम दुसऱ्याला शिकवणं) मागितलीच, तर अडीच तासांचं रेकॉर्डिंग करून द्या. पहिली अकरा मिनिटं 'माझा आवाज येतोय का?' यात जाऊ द्यात.

एवढं पथ्य पाळलंत की कंपनीचं तुमच्यावाचून पान हलणार नाही. गणपतीला गावी गेलात तरी नाही. आरती सुरू असेल, खिशात फोन थरथरेल. घरात रेंज नाही म्हणून तुम्ही प्रसादाचा मोदक हातात घेऊन विहिरीच्या कठड्यावर चढाल. पलीकडे पाच जण स्पीकरवर. 'हां, आता स्लॅश. उलटा नाही रे, सुलटा. मग डॅश. आडवा डॅश!' मागून झांजा वाढतील. तुम्ही दुसऱ्या कानात बोट घालून ओरडाल, 'आता सात मिनिटं थांबा!' पोरगं विचारेल, 'सर, सातच का?' आणि तुमच्या लक्षात येईल की ज्यांनी तुम्हाला हे सांगितलं, त्यांनीही ते असंच कुठून तरी फोनवर ओरडून सांगितलं होतं, आणि का ते विचारायचं राहूनच गेलं.