दाढ उपटायची तर आज, वाचवायची तर सहा महिन्यांनी

गोव्यातल्या सरकारी दवाखान्यात दाढ उपटून हवी असेल तर ती बहुधा त्याच दिवशी उपटून मिळते. वाचवून हवी असेल तर तारीख मिळते, आणि ती इतकी लांबची असते की तोवर दाढ वाचवण्याजोगी राहतच नाही. हे आमच्या घरात घडले म्हणून मी संतापून लिहीत आहे, आणि ते केवळ आमच्याच घरात घडलेले नाही, हे त्या दिवशी बाकावर आमच्या शेजारी बसलेल्यांच्या बोलण्यावरून मला चांगलेच कळले आहे.

गणेश चवथीच्या तोंडावर माझ्या काकीची खालची दाढ रात्री ठणकू लागली. सकाळची पहिली कदंब बस पकडून आम्ही गेलो, केसपेपर काढला, आणि दुपार होता होता तिचा नंबर लागला. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून स्पष्ट सांगितले की कीड दाढेच्या आतल्या नसेला पोचली आहे, पण मुळे शाबूत आहेत आणि रूट कॅनल केले, म्हणजे सडलेली नस काढून आतली पोकळी भरली, तर दाढ टिकेल. त्यानंतर एका जाड वहीत नाव लिहिले गेले आणि केसपेपरच्या कोपऱ्यात निळ्या शाईने तारीख पडली, ती होळीच्या वेळच्या शिगम्यानंतरची, म्हणजे सहा महिन्यांनंतरची. मधल्या काळासाठी अँटिबायोटिक आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही, कारण बाहेर एवढी माणसे ताटकळत असताना आणि आत खुर्च्या मोजक्याच असताना त्यांनी तरी काय करावे? राग आहे तो ही अवस्था वर्षानुवर्षे चालू देणाऱ्यांवर.

दातातील कीड तारखेची वाट पाहत नाही. ती वरच्या कठीण थरात असते तेव्हा दुखत नाही आणि साध्या फिलिंगवर भागते. आतल्या थरात शिरली की थंड पाणी झोंबते. नसेला भिडली की झोप उडते. पुढे नस मरते, ठणका थांबतो, आणि माणसाला बरे वाटू लागते, नेमका तेव्हाच मुळाच्या टोकाशी पू साठत असतो. मेलेल्या नसेत रक्तपुरवठा उरत नाही, त्यामुळे गोळ्यांचे औषध तिथे पोचतच नाही. सूज तेवढी तात्पुरती उतरते. काकीचेही तसेच झाले. शिगमा यायच्या कितीतरी आधी तिचा गाल डोळ्यापर्यंत सुजला आणि दाढ काढावी लागली. आता पेजेबरोबरची तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी, ती एकाच बाजूने चावते. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलत जातात आणि समोरचा दात खाली उतरतो, म्हणजे एक दाढ गेल्याने नुकसान एकाच दाढेपुरते राहत नाही.

राज्यातील एकमेव दंत महाविद्यालय पणजीजवळ बांबोळीला आहे, ते 1980 साली सुरू झाले. दोष त्या संस्थेचा नव्हे. पण काणकोण, सांगे आणि सत्तरी अशा दूरच्या तालुक्यांतल्या माणसाने गुंतागुंतीच्या उपचारासाठी इतक्या वर्षांनंतरही तिथवरच यावे, हे कोणाला खटकत कसे नाही? रूट कॅनल अनेकदा एका बैठकीत संपत नाही, वर दाढेला कॅप बसवावी लागते ती निराळी. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने प्रत्येक फेरीला दिवसाची मजुरी बुडवायची, आणि खाजगीत जावे तर हजारो रुपये मोजायचे. त्यामुळे ती सांगते, 'काढूनच टाका.' कागदोपत्री हा रुग्णाचा निर्णय ठरतो. मी त्याला निर्णय म्हणणार नाही.

याच गोव्यात किनारपट्टीवरच्या क्लिनिकांमध्ये परदेशी पाहुणे सुट्टीला येऊन दात दुरुस्त करून घेतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्यावरून एवढे तर सिद्ध होते की कुशल दंतवैद्यांचा इथे दुष्काळ नाही. दरडोई उत्पन्नात देशात अग्रक्रमावर असलेल्या राज्याला तालुक्याच्या आरोग्य केंद्रात आणखी एक डेंटल चेअर, एक एक्स-रे यंत्र आणि रूट कॅनल करणारा डॉक्टर परवडत नाही, यावर मी विश्वास ठेवावा कसा? राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम 2014-15 पासून कागदावर आहे, तो आमच्या केंद्रातील खुर्चीपर्यंत पोचायला आणखी किती वर्षे लागणार?

निदान एवढे तरी ताबडतोब व्हावे: ठणकणारी दाढ घेऊन आलेल्या माणसाला तारखेवर न पाठवता त्याच दिवशी ती उघडून, आतली सडलेली नस काढून, औषध घालून तात्पुरते सिमेंट भरून द्यावे. एवढ्याने ठणका थांबतो आणि पुढच्या बैठकीसाठी काही आठवडे धीर धरता येतो. सहा महिने मात्र नाही. शिवाय प्रत्येक सरकारी दवाखान्याने रूट कॅनलसाठी आज किती माणसे थांबली आहेत आणि शेवटच्या माणसाला कोणत्या महिन्याची तारीख दिली आहे, हे ओपीडीच्या दारावर दर महिन्याला लिहून लावावे. आज तो आकडा त्या जाड वहीत बंद असतो आणि विधानसभेत त्याबद्दल कोणाला उत्तर द्यावे लागत नाही. आमचे आमदार मते मागायला अंगणात येतील तेव्हा मी त्यांना रस्त्याचे किंवा नळाचे काही विचारणार नाही, या वहीत किती नावे आहेत तेवढेच विचारणार आहे.