कॉर्टिसोल हे विष नव्हे

कॉर्टिसोल हे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं संप्रेरक (हार्मोन). ‘कॉर्टिसोल म्हणजे प्रतिकारशक्तीचा शत्रू, ते शरीरातून पार काढून टाका’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णांसाठी धोक्याचाही.

मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो, त्यावर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते आणि त्याच्या इशाऱ्यावर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल तयार करतात. जंतुसंसर्ग झाला की रोगप्रतिकारक पेशींतून निघालेली इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ ही प्रथिनंच मेंदूला ही साखळी चालू करायला लावतात. म्हणजे कॉर्टिसोल प्रतिकारशक्तीच्याच हाकेला धावून येतं आणि दाह हाताबाहेर जाऊ देत नाही. ते पुरेसं नसेल तर एरवी साध्या वाटणाऱ्या तापातही रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ॲडिसनच्या आजारात, म्हणजे अधिवृक्क ग्रंथी पुरेसं कॉर्टिसोल बनवू शकत नाहीत तेव्हा, नेमकी हीच भीती असते.

दीर्घकाळच्या ताणात कॉर्टिसोल वाढलेलं राहिलं की जखमा उशिरा भरतात, लसीचा प्रतिसाद मंदावतो, हे मात्र खरं.

पण असे मजकूर वाचून, बरेच दिवस चालू असलेली स्टिरॉइडची गोळी कृपा करून एकदम बंद करू नका. ही गोळी कॉर्टिसोलसारखंच काम करते, त्यामुळे पिट्युटरी तोवर सुस्तावलेली असते आणि शरीर स्वतःचं कॉर्टिसोल लगेच पुरेसं बनवू शकत नाही. तिला पूर्ववत व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, हळूहळू उतरवायचा.